झाशीच्या वर्गातील वित्तशास्त्र

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे किल्ल्याचा बुरूज, पाठीशी बांधलेले मूल आणि उपसलेली तलवार उभी राहते. या चित्राचा मोठेपणा वादातीत आहे. परंतु झाशीला आज आणखी एक ओळख आहे, आणि ती आपल्यासारख्या बँकेच्या ग्राहकांना व कर्मचाऱ्यांना अधिक जवळची वाटावी. कानपूर मार्गावर बुंदेलखंड विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. २६ ऑगस्ट १९७५ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठात ‘अर्थशास्त्र व वित्त संस्थान’ या नावाचा स्वतंत्र विभाग आहे. झाशी, ललितपूर, जालौन अशा जिल्ह्यांतील तरुण-तरुणी वित्तशास्त्र शिकण्यासाठी येथे येतात. त्यांच्यातील कित्येकांच्या घरी शेती, छोटे दुकान किंवा रेल्वेतील नोकरी हाच आजवरचा अर्थव्यवहार असतो.

अशा घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो केवळ बुंदेलखंडातील घरांतूनच विचारला जातो असे नाही. नागपूर, नांदेड वा रत्नागिरीतही पालक हाच प्रश्न विचारतात: “वित्तशास्त्र शिकायचे तर मुंबई-दिल्लीला जाऊन शिकावे; शेअर बाजार तिथे, मोठ्या कंपन्या तिथे. आपल्या गावी राहून हे शिकण्यात काय अर्थ?” हा प्रश्न रास्त आहे, कारण त्याच्या उत्तरावर त्या घराचे काही लाख रुपये आणि एका तरुण आयुष्याची दोन-तीन मोलाची वर्षे अवलंबून असतात. म्हणूनच वित्तशास्त्र म्हणजे नेमके काय आणि ते कोठे शिकता येते, याचा थोडा सविस्तर विचार करणे उचित ठरेल.

वित्तशास्त्र म्हणजे भरपूर पैसा मिळविण्याची युक्ती, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः ते वचनांचे शास्त्र आहे. आज दिलेल्या पैशाच्या मोबदल्यात उद्या काही देण्याचे वचन म्हणजे कर्ज. काही घडल्यास भरपाई देण्याचे वचन म्हणजे विमा. नफा झाल्यास त्यात वाटा देण्याचे वचन म्हणजे भाग. या प्रत्येक वचनाबाबत तीन प्रश्न विचारावे लागतात. वचन कोणाला दिले आहे? त्याची मुदत किती? आणि ते मोडले, तर भार कोणाच्या खांद्यावर पडतो? हे तीन प्रश्न विचारण्याची शिस्त अंगी बाणविणे, हेच या विद्याशाखेचे खरे प्रयोजन होय. आणि झाशी हे शहर तर अशा वचनांचा उघडा ग्रंथच आहे.

एका तनख्याचे गणित

१८१७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने झाशीचे रामचंद्रराव नेवाळकर यांच्याशी तह केला. त्या तहात रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांचा झाशीवरील हक्क वंशपरंपरेने मान्य करण्यात आला होता. पुढे गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला आणि २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचे निधन झाले. लॉर्ड डलहौसीच्या सरकारने दत्तक वारसाचा राज्यावरील हक्क नाकारला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणी लक्ष्मीबाईंना दरमहा पाच हजार रुपयांचा, तोही हयातीपुरता, तनखा देऊ करण्यात आला.

‘वंशपरंपरेने’ आणि ‘हयातीपुरता’ या दोन शब्दांतील अंतर इतिहासाच्या पुस्तकात न्याय-अन्यायाच्या भाषेत सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. वित्तशास्त्राचा विद्यार्थी तेच अंतर आकड्यांत मांडून दाखवू शकतो. दरमहा पाच हजार म्हणजे वर्षाला साठ हजार रुपये. उदाहरणापुरता व्याजदर शेकडा ५ धरू. जे उत्पन्न पिढ्यानपिढ्या, कधीही खंड न पडता मिळणार आहे, त्याचे आजचे मूल्य काढणे सोपे असते: साठ हजारांना ५ टक्क्यांनी भागले की उत्तर येते बारा लाख रुपये. शेकडा ५ दराने बारा लाख ठेवले, तर मुद्दलाला हात न लावता दरवर्षी साठ हजार मिळत राहतील, एवढाच त्याचा अर्थ.

आता तेच साठ हजार केवळ वीस वर्षे मिळणार आहेत, असे समजा. त्याच दराने त्यांचे आजचे मूल्य सुमारे ७ लाख ४८ हजार रुपये येते. रक्कम तीच, दर तोच. केवळ मुदत बदलली आणि सुमारे साडेचार लाख रुपये नाहीसे झाले. ते कोणाचे होते? ते पुढच्या पिढीचे, म्हणजे दत्तकपुत्र दामोदररावांचे होते. हा हिशेब केवळ तनख्याच्या रकमेचा आहे; राज्याच्या महसुलाचा आणि सत्तेचा प्रश्न तर याहून कितीतरी मोठा. प्रत्यक्षात वीस वर्षेही मिळाली नाहीत. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणींना वीरमरण आले आणि हयातीशी बांधलेले ते वचन अवघ्या चार वर्षांत संपले.

दुसरा धडा अनामत रकमेचा. सरकारने दामोदररावांना राज्याचा वारस मानले नाही, परंतु गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेचे वारस मानले. त्यांच्या नावची सुमारे सहा लाखांची रक्कम ते सज्ञान होईपर्यंत कंपनी सरकारने आपल्या ताब्यात ठेवली. मुलाच्या मुंजीसाठी त्यातून एक लाख रुपये मागण्याची वेळ आली, तेव्हा राणींना स्वतःच्याच मुलाच्या पैशासाठी जामीनदार द्यावे लागले. पुढे दामोदरराव इंदूरला मामुली तनख्यावर राहिले आणि १९०६ मध्ये निवर्तले. ती रक्कम त्यांच्या हाती कधीच आली नाही. दुसऱ्याचा पैसा विश्वासाने सांभाळणाऱ्याने कोणाला उत्तरदायी असावे, हा प्रश्न आजच्या प्रत्येक विश्वस्त निधीच्या, म्युच्युअल फंडाच्या आणि बँक-ठेवीच्या कायद्यामागे उभा आहे. झाशीतील विद्यार्थ्याला तो समजावून सांगण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

वरसईचे भटजी आणि जोखमीचा पाठ

त्याच काळातील आणखी एक मराठी साक्षीदार म्हणजे पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे. घरावर झालेले कर्ज फेडावे, या हेतूने १८५७ मध्ये ते दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. बंडाच्या वणव्यात सापडून ते झाशीला पोहोचले, शहराचा वेढा त्यांनी आतून अनुभवला आणि पुढे तो सारा वृत्तांत ‘माझा प्रवास’ या नावाने लिहून ठेवला. हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रकाशात आणले. इतिहासकार ते युद्धासाठी वाचतात. बँकेच्या माणसाने ते एका वेगळ्या कारणासाठी वाचावे.

कर्ज फेडण्यासाठी निघालेल्या या माणसाची सर्व कमाई रोख स्वरूपात, अंगावर आणि एकाच मार्गाने घरी न्यावयाची होती. मार्गात लूट झाली की मेहनत शून्य होत असे, आणि तसे घडलेही. त्यांच्या काळी हुंडीचा व्यवहार अस्तित्वात होता. परंतु राजवटी कोसळत असताना पेढ्यांवरील विश्वासही कोसळतो. मिळकत किती झाली यापेक्षा त्यातील किती सुखरूप घरी पोहोचली, हा हिशेब महत्त्वाचा असतो. वित्तशास्त्रात परताव्याच्या शेजारी जोखमीचा स्तंभ मांडतात तो याचसाठी. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी गुंतवणूक एकाच ठिकाणी न ठेवता परस्परांशी समांतर न चालणाऱ्या साधनांत विभागल्यास जोखीम कशी कमी होते, हे गणिताने दाखविले. त्या कार्याबद्दल त्यांना १९९० मध्ये नोबेल स्मृती पारितोषिकाचा मान मिळाला. विष्णुभटांना हे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याची किंमत मात्र त्यांनी मोजली होती.

वर्गात काय शिकवितात?

पदवी वा पदव्युत्तर स्तरावर वित्तशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा गाभा सर्वत्र बहुतांशी सारखाच असतो. प्रथम पैशाचे कालमूल्य, म्हणजे वर केलेला हिशेब. त्यानंतर ताळेबंद व नफा-तोटा पत्रक वाचण्याची कला. पुढे भांडवली खर्चाचा निर्णय: नवे यंत्र घ्यावे की जुनेच दुरुस्त करून चालवावे? मग खेळत्या भांडवलाचे व्यवस्थापन, कर्ज आणि स्वभांडवल यांचे प्रमाण, जोखीम व परतावा, आणि शेवटी रिझर्व्ह बँक, ‘सेबी’ यांसारख्या संस्थांचे नियमन. संख्याशास्त्र आणि कायदा हे विषय या सर्वांना आधार देतात.

या यादीकडे पाहून विद्यार्थी बिचकतात ते गणितामुळे. प्रत्यक्षात प्रारंभीच्या अभ्यासाला चक्रवाढ व्याज, टक्केवारी आणि सरासरी एवढे गणित पक्के असले तरी पुरते. खरी कसोटी असते ती वाचनाची. करारातील एखादे कलम, ताळेबंदाखालील एखादी तळटीप, कर्जमंजुरीच्या पत्रातील एखादी अट दृष्टीआड झाली, तर अचूक गणितही चुकीच्या उत्तरापर्यंत नेते. १८५४ मधील ‘हयातीपुरता’ हा एक शब्द त्याची साक्ष आहे.

मराठी परंपरा

वित्तशास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास मराठी माणसाला नवा नाही. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाणारे सिडनहॅम महाविद्यालय मुंबईत १९१३ मध्ये सुरू झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी महू येथे जन्मलेला आणि मुंबईत शिकलेला एक बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्यांचे नाव. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु त्यांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य विषय सार्वजनिक वित्त आणि चलन हा होता, याचे स्मरण आपण कमी वेळा करतो.

कोलंबियात सार्वजनिक वित्ताचे ख्यातनाम अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू होते. तेथील संशोधनातून ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, जो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यातील प्रतिपादन सर्वस्वी मान्य नव्हते. तरीही त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि आपला मतभेद तीत नमूद केला. शिष्याने गुरूशी मतभेद बाळगावा आणि गुरूने त्याचा आदर करावा, हे विद्यापीठाचे खरे वातावरण होय. चलनाची किंमत घसरली की तिचा भार कोणावर पडतो, हा त्या प्रबंधामागील कळीचा प्रश्न होता. आपण वर पाहिलेल्या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न तो हाच.

त्यांच्या शिक्षणाचा खर्च कसा भागला, हेही पाहण्यासारखे आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करावा लागला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले खरे, परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना राहण्यास जागाही मिळू दिली गेली नाही आणि ती सेवा सोडावी लागली. १९१८ पासून सुमारे दीड वर्ष त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पगारातून बचत केली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये लंडनला जाऊन अभ्यास पूर्ण केला. शिष्यवृत्ती, सेवेची अट, बचत, देणगी आणि कर्ज अशी शिक्षणाची सर्व आर्थिक साधने या एका चरित्रात सापडतात. आणि करार कितीही स्पष्ट असला तरी समाज तो पाळू देईलच असे नाही, हे कटू सत्यही सापडते.

बुंदेलखंडची प्रयोगशाळा

आता पुन्हा झाशीकडे वळू. मुंबईतील विद्यार्थ्याला शेअर बाजार जवळ असतो, हे खरे. परंतु झाशीतील विद्यार्थ्याला जे जवळ असते, ते मुंबईत दिसणे कठीण. बुंदेलखंड हा अवर्षणाने वारंवार पोळलेला प्रदेश. २००९ मध्ये केंद्र सरकारने उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशातील या भागासाठी ७,२६६ कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर केले होते. पाऊस एका वर्षी ओढ देतो. कर्जाचा हप्ता मात्र दरवर्षी ठरलेल्या तारखेला येतो. उत्पन्न अनिश्चित आणि देणे निश्चित, या विसंगतीचा अभ्यास ज्याने गावात जाऊन केला, त्याला कर्ज पुनर्रचना, पीक विमा आणि किसान क्रेडिट कार्ड यांचे मर्म पुस्तकापलीकडे उमगते.

याच जिल्ह्यात मऊरानीपूर परिसरातील रानीपूर हे गाव टेरीकॉटच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. झाशी शहरात मऊ खेळणी बनविणारे लहान उद्योग असून, उत्तर प्रदेश शासनाच्या २०१८ मधील ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत झाशीसाठी याच वस्तूची निवड झाली. अशा एखाद्या लहान उद्योगाचे उदाहरण घेऊ. कच्चा माल रोखीने आणावा लागतो. माल तयार होण्यास समजा पंधरा दिवस, विक्रीस आणखी पंधरा दिवस आणि उधारी वसूल होण्यास नव्वद दिवस लागतात. म्हणजे आज घातलेला रुपया १२० दिवसांनी परत येतो. वर्षातून तो जेमतेम तीन वेळा फिरतो. वसुली ४५ दिवसांत झाली, तर तोच रुपया ७५ दिवसांत परतेल आणि वर्षातून जवळजवळ पाच वेळा फिरेल. नवे कर्ज न काढता, एकही यंत्र न वाढविता उद्योगाची क्षमता वाढते, ती अशी.

येथे कायद्याचे ज्ञान उपयोगी पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करावयाचे असतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देण्याचे बंधन आहे. ही तरतूद अनेक लहान उद्योजकांना ठाऊक नसते. ठाऊक असली तरी मोठ्या खरेदीदाराला दुखविण्याचे धैर्य होत नाही. वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्प-अहवालासाठी आपल्याच गल्लीतील पाच उद्योगांच्या उधारीच्या वह्या, अर्थात त्यांच्या संमतीने, तपासल्या तर त्याला शिकावयास मिळेल आणि त्या उद्योजकांनाही दिलासा मिळेल. मोठ्या शहरातील नामांकित कंपनीच्या वार्षिक अहवालाची नक्कल करून केलेल्या प्रकल्पापेक्षा अशा अहवालाचे मोल निश्चितच अधिक.

पहिला प्रकल्प: स्वतःचे शिक्षण

वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातील पहिला भांडवली निर्णय म्हणजे स्वतःचे शिक्षण. त्याबाबत मात्र घराघरांतून आकडेमोड कमी आणि भावना अधिक असते. भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि पुढे तीत वेळोवेळी सुधारणा झाल्या. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितले जात नाही. पालक सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. या काळात सरळ व्याज आकारले जाते. आणि नेमकी येथेच पालकांची गफलत होते. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असे ते समजतात.

एक उदाहरण पाहू. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रत्येक वर्षाच्या प्रारंभी दोन लाख, असे एकूण चार लाख रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर उदाहरणापुरता शेकडा १० धरला. परतफेड तीन वर्षांनी सुरू होईल. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे साठ हजार आणि दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे चाळीस हजार, असे एक लाख रुपये व्याज जमा होईल. ते मुद्दलात मिळविले की पाच लाखांची फेड दहा वर्षांत करण्यासाठी दरमहा सुमारे ६,६०८ रुपये हप्ता पडेल. तेच एक लाख व्याज शिक्षण चालू असतानाच थोडे थोडे भरले, तर हप्ता चार लाखांवर, म्हणजे सुमारे ५,२८६ रुपये असेल. भरलेले व्याज धरूनही एकूण रक्कम सुमारे साडेअठ्ठावन्न हजारांनी कमी होईल. शिवाय शिक्षणकाळात नियमित व्याज भरणाऱ्यास व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. जुन्या कर-पद्धतीनुसार विवरणपत्र भरणाऱ्यास शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. मुद्दलावर ती मिळत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजनेस मान्यता दिली. कौटुंबिक उत्पन्न वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळात तीन टक्के व्याज-साहाय्य मिळण्याची सोय तीत आहे. परंतु ही योजना निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांसाठी आहे. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी आपली संस्था त्या सूचीत आहे की नाही, हे शाखेत विचारून घ्यावे. शुल्क भरल्यानंतर विचारून उपयोग नाही.

दूर जाऊन शिकावे की घराजवळ, या प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तरही याच हिशेबातून मिळते. महानगरातील भाडे, खाणावळ आणि प्रवास यांसाठी काढलेल्या कर्जाचा वाढीव हप्ता तेथील शिक्षणामुळे वाढणाऱ्या पगारातून निघणार असेल, तर अवश्य जावे. केवळ शहराच्या नावासाठी एखाद्या सामान्य संस्थेत जावयाचे असेल, तर घराजवळचे विद्यापीठ अधिक शहाणपणाचे. निवड करताना संस्थेच्या इमारतीपेक्षा अध्यापक कोण आहेत, मागील तुकडीतील विद्यार्थी कोठे कामाला लागले आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे विचारावे. ‘हमखास नोकरी’ असे छापणाऱ्या माहितीपत्रकाला आपले तीन प्रश्न लावून पाहावेत. हे वचन कोण देतो? किती मुदतीचे? आणि ते मोडले तर हप्ते कोण भरणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘आई-वडील’ असेच असते.

पदवीनंतरचे मार्गही आता अनेक आहेत. बँकेच्या सेवेत आलेल्यांसाठी १९२८ पासून कार्यरत असलेल्या, आज ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या ‘जेएआयआयबी’ व ‘सीएआयआयबी’ या परीक्षा आहेत. सनदी लेखापाल, कंपनी सचिव, विमा, भांडवल बाजार, सूक्ष्म वित्तपुरवठा, सहकारी संस्था अशी क्षेत्रे आहेत. घरचा व्यवसाय नीट हिशेबाने चालविणे हाही एक सन्मान्य मार्ग आहे, आणि बुंदेलखंडासारख्या प्रदेशाला त्याची गरज सर्वाधिक आहे.

आपल्या शाखांतील सहकाऱ्यांनाही येथे एक विनंती करावीशी वाटते. शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मंजुरीपत्र हातात देताना दहा मिनिटे अधिक द्यावीत. हप्ता केव्हा सुरू होईल, तोवर व्याज किती साठेल आणि नोकरी लांबली तर काय करता येईल, हे त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्यावे. पालकांना शेजारी बसवून, त्यांच्या भाषेत ते समजावून द्यावे. थकीत खाते हाताळण्यात जाणारा वेळ या दहा मिनिटांहून कितीतरी अधिक असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्या आयुष्याची सुरुवातच थकबाकीदार म्हणून होते, त्या तरुणाची पत सावरण्यास वर्षे लागतात.

झाशीच्या किल्ल्यावरून खाली पाहिले की जुने शहर दिसते. त्यातच कोठेतरी ते गणेश मंदिर आहे, जेथे मणिकर्णिकेचा विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली. तिच्या मुलाच्या पैशाचा हिशेब दुसऱ्यांनी मांडला आणि त्याला तो तपासण्याची संधी मिळाली नाही. आज त्याच शहरातील शेतकऱ्याची, विणकराची वा रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी विद्यापीठाच्या वर्गात बसून कराराचे कलम वाचावयास, मुदतीचे मोल काढावयास आणि जामीनदाराची जबाबदारी ओळखावयास शिकू शकते. एवढे तिला नीट आले, तर तिच्या घरातील पुढचा कोणताही कागद न वाचता सही करण्यासाठी पुढे सरकविला जाणार नाही.